कारण विचारले जाणार नाही

रजिस्टरमधल्या पालकाच्या रकान्यातला नंबर धम्मदिनाने आपल्या फोनवर दाबला, फोन कानाला लावला, आणि पाठीमागचं लोखंडी कपाट घुरघुरायला लागलं. आधी तिला तो आवाज मागच्या गल्लीतला वाटला. शाळेमागे अजून सात-आठ कारखाने चालू होते. लूम सुरू झाले की ऑफिसच्या फरशीतून तळपायांना मुंग्या यायच्या, खिडकीची एक सैल काच दात वाजवत राहायची. पण ती थरथर सलग असते. ही थांबत होती, पुन्हा सुरू होत होती, आणि तिच्या कानातल्या रिंगशी बरोबर जुळत होती. तिने फोन कट केला. कपाट गप्प झालं. पुन्हा लावला, कपाट पुन्हा बोललं. कोपऱ्यात बसून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधणारा पंढरी शिपाई सुतळी दातात धरूनच म्हणाला, "बाई, तुम्ही कपाटालाच फोन लावलाय." तो हसला म्हणून तीही हसली, पण हसू गालांपर्यंतच गेलं. सोमवारी दहावीच्या रोशनीचा फोन तिने जप्त केला होता. मंगळवारपासून रोशनी शाळेत आली नव्हती आणि आज गुरुवार होता. पालकांनी समक्ष यावं आणि सही करून फोन न्यावा, असा नियम होता. तेवढं कळवायला तिने पालकांना फोन लावला होता. ज्या फोनवर त्यांना बोलवायचं तोच गेले चार दिवस कपाटात, मधल्या फळीवर, खाकी पाकिटात पडून होता.

नियम तिचाच होता. शाळेत जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, तसं हे तिच्या गळ्यात पडलं होतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एकाच दिवशी दोन फोन पकडले गेले, एक मितेशचा आणि एक भाविकचा. मितेशचे वडील दुसऱ्या दिवशी गाडीतून आले, मोठ्या सरांसमोर खुर्चीत बसले, घरी आई आजारी असते, पोराशी संपर्क लागतो, असं त्यांनी शांतपणे आणि नीट सांगितलं, चहा घेतला आणि फोन घेऊन गेले. भाविकचा बाप त्याच संध्याकाळी आला. तो हातगाडी ओढतो. दारातच उभा राहिला. फोन कशाला दिला होता पोराला, असं सरांनी विचारल्यावर तो इकडेतिकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चुकलं." भाविकचा फोन उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत कपाटात राहिला. कारण कदाचित त्याच्याकडेही असेल. ते सांगायची त्याला सवय नव्हती, एवढंच. ही गोष्ट धम्मदिनाला चपलेतल्या खड्यासारखी पुढचे सात-आठ महिने टोचत राहिली. म्हणून जूनमध्ये तिने शिक्षकांच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की नियम करायचा तर सगळ्यांना सारखा करा, नाहीतर करू नका. मग तिनेच लिहायला बसावं असं ठरलं. तिने बारा कलमं लिहिली. सातव्या कलमात शिक्षकांनीही तासावर फोन जवळ बाळगू नये असं होतं. त्यावरून दोघातिघांनी तिच्याशी बोलणं सोडलं. आणि नवव्या कलमातलं एक वाक्य लिहिताना तिला आतून थंड, बरं वाटलं होतं: फोन बाळगण्याचे कारण विचारले जाणार नाही. कारण विचारलं की ज्याला बोलता येतं तो सुटतो. विचारूच नका, म्हणजे खुर्चीवरचा आणि दारातला एकाच रांगेत येतील. दिवाळीच्या सुट्टीनंतर महिनाभर कलमं चालवून बघायची आणि मग शाळा समितीने मंजूर करायची असं ठरलं होतं. समितीची बैठक येत्या सोमवारी चार वाजता होती, आणि त्या महिन्यात सापडलेला पहिला फोन रोशनीचा होता.

पाकीट उघडून तिने फोन हातात घेतला. बटणांचा साधा फोन. मागचं झाकण निसटू नये म्हणून त्याला दोन पदरी रबर लावलेलं. कपाटातले महागडे फोन दुसऱ्या दिवशीच मान टाकायचे. याची बॅटरी चार दिवसांनीही अर्धी शिल्लक होती. पडद्यावर एकतीस मिस्ड कॉल होते. शेवटचे दोन तिचेच. बाकी सगळे 'नवशा' या एकाच नावाचे, आणि वेळा जवळजवळ ठरलेल्या, दुपारी बारा ते दोनच्या मधल्या. ती वेळांकडे बघत राहिली. पोरीच्या मागे लागलेला कुणी मोठा माणूस असेल, हा विचार आधी आला. मग आपल्याला तोच विचार आधी का आला, याची लाज वाटली. मग ती लाजही खोटी वाटायला लागली, कारण विचार काही गेला नव्हता. सोमवारचा तास तिला आठवला. रोशनी तिसऱ्या बाकावर, मान खाली घालून बसलेली. फोन बाकाखाली कानाला लावलेला, ओठ न हलवता ती काहीतरी म्हणाली आणि डाव्या तळहातावर पेनाने भराभर लिहिलं. धम्मदिना बाकाशी गेली तेव्हा पोरीने फोन आधी दिला आणि हात मागे लपवला. "हात," असं ती म्हणाली तेव्हा रोशनीने मूठ उघडली. ११ पंप ६. घामाने सहाच्या शेपटीची शाई पसरली होती. गणिताच्या तासाला हातावर लिहिलेले आकडे म्हणजे काय असणार, ते कुणालाही सांगता आलं असतं. "बाई, तो फोन..." एवढं रोशनी म्हणाली आणि धम्मदिनाने हाताने थांबवलं. कडकपणे नव्हे. उलट, मुलीला सगळ्या वर्गापुढे कारण सांगायची पाळी येऊ नये अशा काळजीने थांबवलं होतं. त्या वेळी तिला तसंच वाटलं होतं.

घरी, कोन गावातल्या खोलीत, तिने भाकरी थापल्या, मग हात दोनदा धुतले, मग हजेरीचा कागद उघडला आणि मिटला. सुमितने, तिच्या नवऱ्याने, काय झालं म्हणून विचारलं. तिने कपाट वाजल्याची गोष्ट विनोद म्हणून सांगितली आणि तोही विनोद म्हणूनच हसला. गॅलरीतून महामार्गावरच्या ट्रकांचे दिवे दिसत होते, आणि ती ते बघत नव्हती. ती यादवांचं टेबल बघत होती. तिचे वडील यादव फोल्डिंग खात्यात होते. कारखान्यातून आलेलं कापड उतरत्या टेबलावरून खाली ओढत न्यायचं, डोळ्यांखालून प्रत्येक वार जाऊ द्यायचा, आणि जिथे धागा तुटलाय, जिथे तेलाचा डाग आहे, तिथे खडूने खूण करायची. लहानपणी शाळा सुटली की ती तिथे पोत्यावर बसायची. कुणी कामगार येऊन गयावया करायचा, यादवभाई, वो लूम ही खराब है, मेरी क्या गलती. यादव त्याला पाणी द्यायचे, पाठीवर हात ठेवायचे, आणि खूण करायचेच. मालकाच्या भाच्याच्या लूमवरच्या कापडालाही त्याच खडूची खूण. दोष कोणाचा ते कापडाला ठाऊक नसतं, असं ते म्हणायचे. आपल्या माणसांनी नियमावरच उभं राहायला शिकावं, आपल्याला ओळखीपाळखीची काठी नाही, असंही म्हणायचे. तिने त्या वाक्यावर घर बांधलं होतं, बी.एड. केलं होतं, नोकरी मिळवली होती. आता त्या वाक्याखाली काहीतरी घुरघुरत होतं, आणि तिला ते उघडून बघायचं नव्हतं.

कारण तिथे सातवीची घटक चाचणी होती. गणिताचा पेपर, चाळीस गुणांचा. यादव टेबलाशीच कोसळले होते आणि कारखान्यातला माणूस शाळेच्या ऑफिसात सांगायला आला होता. पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. तेव्हाच्या मोठ्या सरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि पेपर संपेपर्यंत निरोप वर्गात जाऊ दिला नाही. त्यात त्यांचं काही वाईट नव्हतं. मुलीचा पेपर बुडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि परीक्षा चालू असताना कुणाला बाहेर बोलवायचं नाही असा नियमही होता. ती दवाखान्यात पोचली तेव्हा यादवांवर चादर होती. आई, कलावती, बाकड्यावर बसली होती, आणि तिने मुलीला जवळ घेऊन पहिलं काय विचारलं असेल तर, पेपर कसा गेला. अडतीस गुण मिळाले होते. त्या सरांवर आपला राग आहे का, हे धम्मदिनाने स्वतःला इतक्या वेळा विचारलं होतं की प्रश्न झिजून गुळगुळीत झाला होता, हातात धरवत नव्हता. त्यांनी कारखान्यातल्या माणसाला विचारलं होतं का, किती गंभीर आहे म्हणून? की विचारायचंच टाळलं होतं? हा दुसरा प्रश्न तिला आजच सुचला. ती उठली, गॅलरीचं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. सुमित म्हणाला, "अगं, एक काय ते ठरव. डास येतात." रोशनी दहावीत होती. बोर्डाचा फॉर्म भरायला आठ दिवस उरले होते आणि फॉर्मवर तिची सही लागणार होती. चौथ्या दिवशी न आलेली मुलगी पंधराव्या दिवशीही येत नाही, हे अकरा वर्षांच्या नोकरीत तिने पाहिलं होतं.

शुक्रवारी बारा वाजून दहा मिनिटांनी कपाट वाजलं तेव्हा ती मुद्दाम ऑफिसात होती. पंढरीने तिच्याकडे बघितलं आणि आपण होऊन बाहेर गेला. तिने पाकिटातून फोन काढला, कानाला लावला आणि काही बोलायच्या आतच पलीकडून आवाज आला, "रोशनी, कुठं मेली होतीस गो? चार रोज फोन लावतोय." मी तिची बाई बोलतेय, असं तिने सांगितल्यावर पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजून गेला. मग माणूस आवाज खाली आणून बोलायला लागला, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. तो मुकादम होता. गोदामात माल उतरवायला, खोकी भरायला बाया पुरवायचा. उद्या किती बाया लागतील ते गोदामवाले त्याला दुपारी सांगतात. आकडा मिळाला की तो पाड्यापाड्यांना फोन लावतो. जो पाडा पहिल्यांदा हो म्हणेल त्याचं काम. रोशनीच्या पाड्यावर रेंज नाही, डोंगर आडवा येतो. त्या पाड्याचा फोन म्हणून पोरीजवळ असतो, कारण पोरगी दिवसा रेंजमध्ये असते. ती हो म्हणते, आकडा, जागा आणि वेळ लिहून घेते आणि संध्याकाळी घरोघर सांगते. दीड वर्षात पोरीने एकदाही चूक केली नव्हती, हे त्याने आपण होऊन सांगितलं. "मॅडम, मी थांबलो हां सोमवारी. दोन मिनिटं हॅलो हॅलो केलं. फिर क्या करता? दुसऱ्या पाड्याला दिलं. आता त्यांच्या बाया लाइनीला लागल्या." उद्याचं काय, असं तिने विचारलं. उद्याचंही दिलं, असं तो म्हणाला. रोशनीचं त्या दिवशीचं हो अर्धंच झालं होतं. अकरा बाया, पेट्रोलपंप, सहा वाजता. लिहून तर झालं होतं, पण पुन्हा वाचून पक्कं करायच्या आधी कुणीतरी बाकाशी येऊन उभं राहिलं होतं.

ती तासावर गेली आणि फळ्यावर वर्तुळाची जीवा काढता काढता थांबली. मुलं वाट बघत होती. अपवाद करायचा, हे इतकं सोपं होतं की त्याचीच तिला भीती वाटली. रोशनीसाठी एक ओळ घालायची, रोजगाराच्या कारणासाठी मुभा, आणि सोमवारी समितीतला मितेशचा काका त्याच ओळीवर बोट ठेवून म्हणणार, बरोबर आहे बाई, प्रत्येकाची अडचण असते. एका ओळीच्या भोकातून गाडीवाले सगळे निघून जाणार आणि हातगाडीवाला पुन्हा दारात उभा राहणार. हे खरं होतं. आणि अकरा बायांचं काम गेलं, हेही खरं होतं. दोन्ही खरं असताना माणसाने काय करायचं, याचं यादवांच्या खडूत काही उत्तर नव्हतं, किंवा असेल, पण ते सांगायला ते पेपर संपेपर्यंत थांबले नाहीत. जीवा वाकडी गेली होती. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, बाई, केंद्रातून गेली नाही. "जीवा केंद्रातून जायला हवी असं कुठे आहे?" असं ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच चढलेला वाटला.

रविवारी ती एसटीने निघाली. आदल्या दिवशी पंढरीकडून कपाटाची किल्ली घेऊन फोन काढताना तिने वहीत नोंद केली नाही. नोकरीत पहिल्यांदाच तिने एक रकाना मोकळा सोडला. अंबाडीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरली तेव्हा तिच्या स्वतःच्या फोनवर रेंजच्या चार काड्या होत्या. पंप मागे पडला तशा तीन झाल्या, नाल्यापाशी एक, आणि वळण घेऊन डोंगर अंगावर आला तशी तीही गेली. तिचा अंगठा तरी दर पन्नास पावलांवर पडदा उजळवून बघत होता. फोन करायचा कुणालाच नव्हता. पर्समध्ये रबर लावलेला फोन होता, आणि आपण तो परत देतोय की पोचवतोय, की नुसता आपल्याजवळून घालवतोय, हे तिला नीट ठरवता येत नव्हतं. भाताच्या कापणीनंतर शेतं मोकळी पडली होती. पाड्यावर वीस-बावीस घरं होती. पहिल्याच अंगणात एक म्हातारा सूप विणत बसला होता. त्याने तिच्याकडे बघून न विचारताच आत हाक मारली, "मंगळे, साळंची बाई आली." हा जान्या, रोशनीचा आजा.

तिला वाटलं होतं की बाया भांडतील. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, अशी तिची तयारी होती. मंगळीने, रोशनीच्या आईने, खाट अंगणात ओढली, तांब्या दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, राग नाही, विनवणी नाही. हळूहळू आणखी सातआठ बाया येऊन भिंतीला टेकून बसल्या. रोशनी आतल्या अंधारात चुलीपाशी होती. धम्मदिनाला फक्त तिची वेणी दिसत होती. हकिगत जान्यानेच सांगितली, विणता विणता, जणू दुसऱ्या गावची. सोमवारी पोरीने घरी येऊन सांगितलं की उद्या अकरा बाया, पंपावर, सहाला. तिला वाटलं, लिहिलं म्हणजे ठरलं. अकरा जणी पहाटे चालत गेल्या, पंपावर उभ्या राहिल्या, आणि टेम्पो दुसऱ्या बायांना घेऊन त्यांच्यासमोरून गेला. परत आल्यावर पोरीला कुणी बोललं नाही. "बोलाचं काय त्यात," जान्या म्हणाला. पण पोरगी तेव्हापासून घराबाहेर पडली नव्हती.

धम्मदिनाने पर्स उघडली आणि फोन काढून मंगळीपुढे धरला. कारण विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही, असं ती म्हणाली. बोलताना तिला वाटलं की हे वाक्य किती वर्षं कुणाच्यातरी तोंडून ऐकायला आपण थांबलो होतो. मंगळीने फोनकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

"इथं घेऊन काय करू? इथं त्यो मेल्यावानी पडतो," ती म्हणाली. "साळंत न्हाय चालत ना पोरींच्या हातात? नका देऊ. तुमच्याकडंच ठेवा. नवश्याचा फोन आला का तुमीच उचला."

बायांपैकी एक हसली, मग दोघी. मंगळी हसली नाही. तिने बोटं मोडून समजावून दिलं. आधी हो म्हणायचं. काय, कसं ते नंतर. आधी हो, न्हायतर त्यो दुसरीकडं लावतो. मग इचाराचं, किती बाया, कुठं, किती वाजता, आन् परत आणून सोडनार का न्हाय. हे शेवटचं तो आपणहून कधी सांगत नाही. त्यांनी ते धम्मदिनाकडून म्हणवून घेतलं. तिने 'किती बाया' आधी म्हटलं. भिंतीपाशी पुन्हा हसणं झालं आणि चुलीकडून आवाज आला, "बाई, आधी हो." रोशनी दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली होती. डोळे सुजलेले होते, पण आवाज वर्गातला होता, चूक पकडल्यावरचा.

"तुमचा तास असला तर?" रोशनीने विचारलं.

सातवं कलम धम्मदिनाच्याच अक्षरात होतं, आणि त्याच्यासाठी तिने माणसं तोडली होती. बारा ते दोन या वेळात आठवड्यातून पाच दिवस तिचे तास होते. वर्गात फोन वाजेल, ती खडू खाली ठेवेल, चाळीस मुलं बघतील, आणि त्या दिवसापासून बाराच्या बारा कलमांना तिच्या हातून एक भोक पडलेलं असेल. सोमवारी समितीसमोर हे आधी सांगावं लागेल, किंवा सांगायचं नाही असं ठरवावं लागेल. त्यातलं काय करणार, ते तिला अजूनही माहीत नव्हतं. अंगणात कोंबडी कोंडा उकरत होती. जान्याचा हात थांबला होता. सगळ्या जणी वाट बघत होत्या, पण घाई कुणालाच नव्हती, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

"उचलेन," ती म्हणाली.

"मंग लिहून द्या," मंगळी म्हणाली. "साळंत समदं लिहून घेत्यात, हीच सांगते."

रोशनीने वहीच्या मधलं पान टाचण्या वाकवून अलगद काढलं, म्हणजे फाटणार नाही. बारा कलमं लिहिताना जे हात अडखळले नव्हते ते इथे दोनदा अडखळले. धम्मदिनाने लिहिलं, रोशनीच्या आईचा फोन मी शाळेच्या वेळेत माझ्याजवळ ठेवीन. दुपारी बारा ते दोन या वेळात आलेला फोन मी तासावर असले तरी शक्यतो उचलीन व निरोप रोशनीला लगेच सांगीन. खाली तारीख घातली, पूर्ण नाव लिहून सही केली. कागद मंगळीकडे दिला. मंगळीने तो मुलीकडे दिला. रोशनीने तो उभ्याने, स्पष्ट उच्चारांत सगळ्यांना वाचून दाखवला आणि मग पहिल्यापासून पुन्हा मनात वाचला.

"बाई, ह्यातलं 'शक्यतो' काढा."

धम्मदिनाने पेन परत घेतलं आणि शब्द खोडला. खोडलं तिथे समासात पुन्हा छोटी सही केली. रोशनीने कागद कंपासपेटीत ठेवला आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या सगळ्या वर्गांच्या वेळापत्रकावरून बोट फिरवत उद्याचा वार शोधला.

"उद्या बाराला तुमचा नववीवर तास हाय. तिसऱ्या मजल्यावर," ती म्हणाली. "तिथं फळ्याजवळ रेंज न्हाय, बाई. खिडकीशी उभं राहून शिकवा."